ज्ञानाचे दार उघडणारे आसफ फैजी

मुलांनो, तुमच्या घरी आजोबांच्या वेळचे एखादे जुने पुस्तक आहे का? असे पुस्तक आपण फार जपतो. ते कोणाला देऊन टाकावे, असे आपल्या मनातही येत नाही. पण मुंबईच्या एका विद्वानाने आपल्या संग्रहातील सुमारे २०० हस्तलिखिते विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. त्या विद्वानाचे नाव आसफ अली असगर फैजी.

फैजी यांचा जन्म १८९९ साली माथेरान येथे झाला. त्यांचे घराणे सुलेमानी बोहरा समाजातील होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले. बॅरिस्टर होऊन परत आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. १९३८ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

आता त्या हस्तलिखितांची हकीकत ऐका. उत्तर आफ्रिका आणि इजिप्त येथे पूर्वी फातिमी खलिफांचे राज्य होते. ते इस्माइली पंथाचे होते. ११७१ साली ते राज्य संपले आणि तेथील ग्रंथ विखुरले. यमनमधील अनुयायांनी त्यांतील काही ग्रंथ जपले. पुढे ते गुजरातेत आले. छपाई नव्हती, म्हणून लोक हाताने नकला करीत. विरोधकांच्या भीतीमुळे हे ग्रंथ बाहेरच्या माणसाला दाखवत नसत. त्यामुळे ग्रंथ टिकले, पण जगाला ते माहीत झाले नाहीत. इस्माइलींचा इतिहास बहुतेक त्यांच्या विरोधकांच्या लिखाणावरूनच लिहिला जाई. न्यायालयात एकाच बाजूचे ऐकून निकाल देत नाहीत. इतिहासात मात्र तसेच घडत होते.

फैजींनी हे बदलण्यासाठी कष्ट घेतले. दहाव्या शतकात काझी नुमान यांनी ‘दआइम अल-इस्लाम’ हा कायद्याचा मोठा अरबी ग्रंथ लिहिला होता. फैजींनी त्याच्या निरनिराळ्या हस्तलिखित प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ तयार केला. १९४९ ते १९५१ या काळात ते इजिप्तमध्ये भारताचे राजदूत होते. ग्रंथाचा पहिला खंड १९५१ साली आणि दुसरा १९६० साली कैरो येथे छापला गेला. काझी नुमान यांचे निधन कैरोतच झाले होते. भारतात जपलेला त्यांचा ग्रंथ असा छापील रूपाने त्यांच्या शहरात परत गेला.

पुढे फैजींनी आपली हस्तलिखिते मुंबई विद्यापीठाला दिली. १९६५ साली त्यांची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध झाली. कोणता ग्रंथ आहे, तो कोणाचा आहे, हे आता कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही देशाच्या अभ्यासकाला कळू लागले.

फैजी जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. १९८१ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, मुंबईच्या राजाबाई टॉवरखाली विद्यापीठाचे जुने ग्रंथालय आहे. तेथून जाताना फैजींची आठवण ठेवा. पूर्वजांनी ग्रंथ लपवून वाचवले, म्हणून ते फैजींच्या हाती आले. फैजींनी ते सर्वांसाठी खुले केले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. ज्ञान जपावे आणि वेळ येताच वाटावेही, हेच त्यांचे जीवन आपल्याला शिकवते.