ज्यांचा एकही फोटो नाही, त्या पार्किन्सननी दोनशे वर्षांपूर्वी रस्त्यावर काय बघितलं?

११ एप्रिल म्हणजे महात्मा फुले जयंती. याच दिवशी जागतिक पार्किन्सन दिनही असतो, आणि सोशल मीडियावर एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा फोटो फिरायला लागतो. खाली नाव असतं, डॉ. जेम्स पार्किन्सन. तर आधी हे स्पष्ट करू की तो फोटो त्यांचा नाही. पार्किन्सन १८२४ मध्ये वारले. तेव्हा माणसांचे फोटो काढायची सोयच नव्हती. त्यांचं खात्रीशीर म्हणावं असं एकही चित्र मिळालेलं नाही.

चेहरा गेला, नाव राहिलं. आणि ते राहिलं एका आजारामुळं, ज्याला आपल्याकडं कंपवात म्हणतात.

जेम्स पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा, लंडनच्या हॉक्स्टन भागातला. वडील तिथंच दवाखाना चालवायचे, पुढं मुलानंही तेच काम केलं. आयुष्य एकाच वस्तीत गेलं, पण माणूस शांत बसणारा नव्हता. ओल्ड ह्युबर्ट या टोपणनावानं ते सरकारविरोधी पत्रकं लिहायचे, सामान्य माणसाला मताचा हक्क हवा म्हणायचे. १७९४ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जला विषारी बाण मारून संपवायचा कट उघड झाल्याचा गाजावाजा झाला आणि पार्किन्सनना थेट प्रिव्ही कौन्सिलपुढं साक्षीला उभं राहावं लागलं. त्यातून ते सुटले.

दुसरा नाद जीवाश्मांचा. १८०४ ते १८११ दरम्यान त्यांनी या विषयावर तीन जाडजूड खंड काढले. १८०७ मध्ये लंडनची जिऑलॉजिकल सोसायटी सुरू झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. गडचिरोलीकरांना हा नाद लगेच कळेल. आपल्या सिरोंचा तालुक्यात पोचमपल्लीला बारापासॉरस या डायनासोरची हाडं निघाली आणि वडधमला जीवाश्म पार्क आहे. पार्किन्सन आज असते तर सिरोंच्यातून हलले नसते, असं आपलं मला वाटतं.

पण मुद्द्याची गोष्ट १८१७ मधली. वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांनी थरथरत्या लकव्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. पुरतं ६६ पानांचं, त्यात सहा जणांची हकीकत. गंमत म्हणजे सगळे त्यांचे पेशंट नव्हते. दोघं रस्त्यात भेटलेले. एकाला तर त्यांनी फक्त लांबून बघितलेलं.

हा लांबून बघितलेला माणूस नीट लक्षात ठेवा. त्याला चालताच यायचं नाही, यायचं ते फक्त पळता. त्याचा मदतनीस समोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा. तो माणूस हळूहळू मागं-पुढं झुलायचा, तोल सापडला की इशारा द्यायचा आणि सुटायचा. मदतनीस बाजूला होऊन पुढं धावायचा आणि वीसेक पावलांवर त्याला पडण्याआधी धरायचा.

पार्किन्सननी हे लिहून ठेवलं आणि उपाय म्हणून मानेतून रक्त काढणं, फोड आणणं असलं काहीतरी सुचवलं. ते साफ चुकलं, पण त्या काळात दुसरं काही हाताशीही नव्हतं. २१ डिसेंबर १८२४ ला ते गेले. आजाराला त्यांचं नाव मिळालं ते पुढं, पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांमुळं.

आता त्या झुलण्याकडं परत येऊ. आपण चालतो ते विचार न करता, कारण मेंदूतला एक भाग ही सवयीची कामं परस्पर सांभाळतो. पार्किन्सनमध्ये तिथलं डोपामिन कमी होतं. मग हात थरथरतो, अंग आखडतं, दारात पोचल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पण बाहेरून ताल मिळाला, कुणी मोजलं, ढोल वाजला, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं पाऊल उचलू शकतो. झुलणं, इशारा, समोर धरायला माणूस. नाचाला यापेक्षा वेगळं काय लागतं?

२००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस डान्स ग्रुपनं पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नाचाचे वर्ग सुरू केले. सेंट लुईसच्या संशोधकांनी टँगो नाचणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा तोल सुधारलेला दिसला. आपल्या पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले. नाचानं आजार बरा होत नाही, गोळ्याही सुटत नाहीत. पण चाल, तोल आणि मन यांना आधार मिळतो, आणि घरात कोंडून घेतलेला माणूस चार लोकांत येतो.

भामरागडच्या म्हाताऱ्या माणसाला दर आठवड्याला दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर तोडून गडचिरोलीला व्यायामासाठी या म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच. पण त्याच्या गावात रेला आहे. एकमेकांचे हात धरलेली रांग, ठरलेला ठेका, सगळ्यांचं पाऊल एकत्र. चंद्रपूरकडच्या गोंड गावांत ढेमसा आहे. हे नाच काही औषध म्हणून जन्माला आले नाहीत. तरी आजी थरथरते म्हणून तिला रांगेतून बाहेर बसवण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा विचारायला हरकत नाही. गोळीचा असर असतानाची वेळ निवडा, दोन्ही बाजूंनी धडधाकट माणूस ठेवा, जमीन सपाट असू द्या. उभं राहणं जमत नसेल तर खुर्चीत बसून हात-पाय ठेक्यावर हलवता येतात.

आणि घरात चालताना पाय अडकला तर ओढू नका, ढकलू नका, घाई करू नका. थांबू द्या. वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेत जागच्या जागी झुलायला सांगा. मग एक-दोन, एक-दोन मोजा.