शिकारी राष्ट्राध्यक्षाचे अभयारण्य

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, इंडियन रिव्हरच्या खाडीत, पेलिकन आयलंड हे सुमारे साडेपाच एकरांचे बेट होते. त्या किनाऱ्यावर तपकिरी पेलिकनांची वीण होणारी तेवढीच एक जागा उरली होती. स्त्रियांच्या टोप्यांसाठी पिसांना मोठी मागणी असल्याने शिकाऱ्यांच्या होड्या तेथे येत. १४ मार्च १९०३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी एका छोट्याशा आदेशावर स्वाक्षरी केली आणि हे सरकारी बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले. त्या देशातील राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांची परंपरा येथून सुरू झाली, असे मानले जाते.

हा आदेश काढणारा माणूस स्वतः हाडाचा शिकारी होता. २७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या रुझवेल्ट यांना बालपणी दम्याने छळले. पण पक्षी गोळा करण्याचा छंद सुटला नाही. १८८३ मध्ये ते डाकोटा प्रांतात गेले, ते बायसनच्या शिकारीसाठीच. एकेकाळी कोट्यवधींच्या संख्येने फिरणारे हे प्राणी तोवर जवळजवळ नष्ट झाले होते. १८८७ मध्ये जॉर्ज बर्ड ग्रिनेल आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ स्थापन केला.

केवळ सीमा आखून प्राणी वाचत नाहीत, हे यलोस्टोनने दाखवून दिले. मार्च १८९४ मध्ये तेथे बायसन मारणारा एक चोरटा शिकारी सैनिकांच्या हाती लागला. परंतु त्याला शिक्षा देण्यासाठी कायदाच नव्हता. उद्यानाबाहेर काढण्यापलीकडे काही करता येईना. ग्रिनेल यांच्या नियतकालिकाने प्रकरण लावून धरले, क्लबने पाठपुरावा केला आणि मे महिन्यात काँग्रेस सदस्य जॉन लेसी यांचा कायदा अमलात आला. उद्यानातील शिकार दंडनीय ठरली.

१९०१ मध्ये विल्यम मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर रुझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. जमीन सरकारची असेल, तर ती राखून ठेवण्याचा अधिकारही सरकारचा, ही त्यांची सरळ भूमिका होती. पेलिकन बेटासाठी पॉल क्रोगेल हा रखवालदार नेमला गेला. मात्र सरकारी तरतूद नसल्याने त्याचा महिना एक डॉलर पगार पक्षिप्रेमींच्या संस्थेने दिला. १९०६ मध्ये अशा राखीव जागी पक्ष्यांना व अंड्यांना इजा करणे गुन्हा ठरले. पद सोडेपर्यंत ५१ पक्षी-अभयारण्ये उभी राहिली.

विरोधही तीव्र होता. १९०७ मध्ये सहा पश्चिमी राज्यांत नवी राखीव वने करण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार काँग्रेसने काढून घेतला. विधेयकावर स्वाक्षरी करण्यापूर्वीच रुझवेल्ट यांनी सुमारे १ कोटी ६० लाख एकर वने राखीव घोषित करून टाकली. मार्च १९०९ मध्ये, पद सोडण्यास दोन दिवस उरले असता, पुरातन वारशासाठीचा १९०६ चा कायदा वापरून त्यांनी माउंट ऑलिंपसचा परिसर राखला. तेथील एल्क हरणांचे कळप वाचवणे हा त्यामागील प्रमुख हेतू होता.

या कार्याला काळी किनारही आहे. ओक्लाहोमातील विचिटा येथे १९०७ मध्ये न्यूयॉर्कहून १५ बायसन रेल्वेने आणून सोडले गेले. ती जमीन काही वर्षांपूर्वीपर्यंत कायोवा, कोमांची व अपाची लोकांची होती. जनावरांना कायद्याने घर दिले. माणसांचे घर मात्र कायद्यानेच काढून घेतले होते. पद सोडताच रुझवेल्टही आफ्रिकेला निघाले आणि पुत्रासह त्यांनी तेथे संग्रहालयासाठी पाचशेहून अधिक जनावरे मारली.

६ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. माउंट ऑलिंपसचा राखीव परिसर पुढे कापला गेला. पण १९३८ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. पेलिकन आयलंडवर पक्षी आजही घरटी बांधतात. रुझवेल्ट यांची बंदूक अखेरपर्यंत खाली ठेवली गेली नाही. पण त्यांनी घालून दिलेली कायद्याची चौकट शिकाऱ्यांनाही बांधून गेली.