विटाळाला प्रश्न विचारणारे हवालदार : गोपाळबाबा वलंगकर

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १८९१ सालचा. त्याच्या तीन वर्षे आधी, १८८८ साली, कोकणातील एका निवृत्त हवालदाराने ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेच्या आधारालाच प्रश्न विचारले. ते गोपाळबाबा वलंगकर होत.

महाड तालुक्यातील रावढळ हे त्यांचे गाव. महार कुटुंबातील या मुलाला लष्कराने शिक्षण दिले, हुद्दा दिला. १८८६ साली पेन्शन घेऊन ते दापोलीस स्थायिक झाले. पलटणीत ज्याच्या बाहीवर हवालदाराच्या फिती होत्या, त्याचीच गावात सावली टाळली जाई. माणूस तोच, ओळख मात्र समाजाने लादलेली. महात्मा जोतीराव फुले यांच्या विचारांनी या अनुभवाला अर्थ दिला.

पेन्शनीवर निवांत जगणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी ‘दीनबंधु’त लेखन केले आणि संस्था उभारली, तिच्या नावात ‘अनार्य’ हा शब्द घेतला. जो शब्द हिणवण्यासाठी होता, तोच त्यांनी या भूमीच्या मूळ रहिवाशांची ओळख म्हणून मिरवला. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा त्यांनी पूर्वजांच्या पराक्रमाचा दाखला देत अर्ज तयार केला. त्या काळी हक्क मागण्यासाठी वंशाचा आधार घ्यावा लागला. केवळ माणूस म्हणून हक्क मागण्याची पायरी बाबासाहेबांनी गाठली. पण खालच्या पायऱ्या गोपाळबाबांसारख्यांनी बांधल्या, हे आम्ही विसरू शकत नाही.

१८९५ साली महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. त्यांच्याशेजारी बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी विरोध केला. १९०० साली ते निवर्तले. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी त्याच महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले आणि त्या परिषदेस कोकणातले पेन्शनर सैनिकही हजर होते.

शहरात भाड्याने घर शोधताना आडनाव सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागते, असे आमचे माजी विद्यार्थी आम्हांस सांगतात. दोष त्यांचा नाही, विचारणाऱ्याचा आहे. गोपाळबाबांनी आपली ओळख लपवली नाही. तिला कमी लेखणाऱ्यांकडेच जाब मागितला. आमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलामुलीने शाळेतून निघताना हा वारसा सोबत न्यावा, हेच त्यांना आमचे विनम्र अभिवादन.