लोकसेवकाचा चरितार्थ

लोकसेवेच्या संस्थांत काम करणाऱ्यांनी पगार घ्यावा काय, हा प्रश्न निघाला की पुष्कळांचे उत्तर तयार असते : पगार आला की सेवा संपली. हे मत कितपत टिकते, याची कसोटी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रात पाहावयास मिळते.

गोखल्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ साली बी. ए. झालेल्या गोखल्यांवर या उपकाराचे ओझे होते. बिनपगारी देशसेवा त्यांना परवडणारीच नव्हती.

हा पेच डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यत्वाने सोडविला. वीस वर्षांची सेवा आणि दरमहा ७५ रुपये, अशी ती व्यवस्था होती. सरकारी नोकरी वा वकिली यांच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी. परंतु ती निश्चित होती. तिच्या आधारावरच गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवू शकले आणि कॉलेजच्या इमारतीसाठी दारोदार वर्गणी मागत हिंडू शकले.

वाद टळले मात्र नाहीत. १८९० साली टिळकांनी सोसायटी सोडली. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे आणि प्राप्ती पत्करावी काय, हा त्यामागील एक मूलभूत मतभेद होता. आणि गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारणे हे त्याचे तात्कालिक निमित्त ठरले.

याच गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला, तेव्हा हा प्रश्न त्यांनी मोघम ठेवला नाही. सदस्याने स्वतःसाठी द्रव्यार्जन करण्यात शक्तीचा अंशही वेचू नये, आणि संस्था त्याच्या व कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद करील तीत समाधान मानावे, असे व्रत त्यांनी घालून दिले. त्यागाची अपेक्षा होती, पण उपासमारीची नव्हती. शिक्षकी पेशातले ना. म. जोशी आणि मुंबई नगरपालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडणारे ठक्करबापा यांना आयुष्य कामगारांना व आदिवासींना वाहता आले, त्याच्या मुळाशी ही तरतूद होती.

बिनपगारी सेवेचा आग्रह दिसतो उदात्त. परंतु त्याचा परिणाम असा की सेवा हा घरच्या संपन्नांचाच अधिकार होऊन बसतो. गरजूने एक तर दूर राहावे, नाही तर आडमार्गाने पैसा काढावा. उलट, संस्थाचालकाचे वेतन बाजारातील चढाओढीवर सोडले, तर देणगीदाराने दुःखितासाठी दिलेला पैसा वाटेतच मुरतो. रुग्णालय चालविण्यास कुशल व्यवस्थापक हवा आणि त्याला योग्य वेतनही हवे, हे खरेच. रक्कम काळानुसार बदलेल. परंतु ती निर्वाहाला पुरेशी असावी, संस्थेने उघडपणे ठरविलेली असावी आणि तीपलीकडे सेवकाने हात पसरू नये, ही गोखल्यांनी आखलेली मर्यादा बदलण्याचे कारण दिसत नाही.

१९१५ साली अवघ्या ४८व्या वर्षी गोखले निवर्तले. वेतन घेतल्याने त्यांची सेवा उणी झाली, असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.