माइक द बाइक

हॉस्टेलमध्ये बाइकवरून वाद पेटला की तो शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबतो... पॉवर किती? ज्या बाइकचे बीएचपी जास्त, ती भारी! पण रेस ट्रॅकवर हे गणित इतकं सरळ नसतं. हे ज्याने स्वतःच्या हातांनी अनुभवलं, त्या माइक हेलवुडची ही ओळख.

माइकचा जन्म २ एप्रिल १९४० चा, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरचा. वडील स्टॅन मोटरसायकल विक्रीच्या धंद्यात श्रीमंत झालेले. त्यामुळे मुलाला उत्तम बाइक मिळायला अडचण नव्हती. पण पैशाने बाइक विकत घेता येते, रेस नाही.

माइकचं नाव कायमचं जोडलं गेलं ते आइल ऑफ मॅन टीटी या स्पर्धेशी. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या या बेटावर रोजचे रस्ते बंद करून रेस होते. एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची! वाटेत गावं, दगडी भिंती, डोंगर आणि दोनशेच्या वर वळणं. सगळे एकदम सुटत नाहीत, ठराविक सेकंदांच्या अंतराने सुटतात. म्हणजे खरी लढत घड्याळाशी. १९६१ मध्ये २१ वर्षांच्या माइकने इथे एकाच आठवड्यात तीन रेस जिंकल्या. १२५ आणि २५० सीसीच्या होंडावर, ५०० सीसीची नॉर्टनवर. ही नॉर्टन साधी एका सिलिंडरची, आणि समोर गॅरी हॉकिंगची चार सिलिंडरची एमव्ही अगुस्ता. एमव्ही बिघडून थांबली, नॉर्टन शेवटपर्यंत टिकली. त्याच आठवड्यात ३५० सीसीत माइक आघाडीवर असताना त्याचीही एजेएस बंद पडली, नाहीतर चार झाल्या असत्या. त्याच वर्षी तो २५० सीसीचा जगज्जेता झाला.

पुढे १९६२ ते १९६५, सलग चार वर्षं तो एमव्ही अगुस्तावर ५०० सीसीचा जगज्जेता होता. १९६६ मध्ये तो होंडाकडे गेला आणि इथून खरी मजा सुरू झाली. होंडाची ५०० सीसी चार सिलिंडरची, ताकदीने सगळ्यांच्या पुढे. एमव्हीकडे होती तीन सिलिंडरची हलकी बाइक आणि तिच्यावर तरुण इटालियन, जियाकोमो आगोस्टिनी. सरळ रस्त्यावर होंडाला तोड नव्हती. पण वळणात ती डोलायची. इंजिन जबरदस्त, पण ती ताकद पेलणारी फ्रेम आणि सस्पेन्शन त्या तोडीचे नव्हते. चाकं एका रेषेत राहिली नाहीत तर रायडरला थ्रॉटल कमी करावाच लागतो, मग कागदावरच्या पॉवरचा उपयोग काय? एमव्हीची ताकद कमी, पण ती वळणात सरळ वागायची.

जून १९६७ ची सीनियर टीटी म्हणजे या दोन बाइकची परीक्षाच. सहा फेऱ्या, सुमारे ३६४ किलोमीटर. माइकच्या होंडाची थ्रॉटल ग्रिप सैल होऊन हँडलवरून सरकायला लागली. पेट्रोल भरायला थांबल्यावर त्याने हातोडी मागून ती ठोकली आणि तसाच पुढे गेला! डोलणारी बाइक, निसटती ग्रिप, तरीही एक फेरी त्याने ताशी १०८.७७ मैलांच्या सरासरीने मारली, म्हणजे जवळजवळ १७५ किलोमीटर. हा विक्रम १९७५ पर्यंत टिकला. पाचव्या फेरीत आगोस्टिनीची चेन तुटली आणि माइक जिंकला. पण त्याच मोसमात मोंझाला तो आघाडीवर असताना होंडाच्या गिअरबॉक्सने दगा दिला. वर्षाअखेर दोघांचे गुण सारखे, जिंकलेल्या रेसही सारख्या, पाच-पाच. दुसरे क्रमांक जास्त म्हणून जगज्जेतेपद आगोस्टिनीला मिळालं. सगळ्यात ताकदवान इंजिन ५०० सीसीचं विजेतेपद देऊ शकलं नाही. २५० आणि ३५० सीसीत मात्र माइक १९६६ आणि १९६७, दोन्ही वर्षी होंडावरच जगज्जेता झाला. एकूण नऊ जगज्जेतेपदं!

१९६८ मध्ये होंडाने रेसिंग थांबवलं आणि माइक हळूहळू कार रेसिंगकडे वळला. १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ग्रां प्रीत त्याची आणि क्ले रेगाझोनीची कार धडकली. रेगाझोनी पेटत्या कारमध्ये अडकला. माइकच्या स्वतःच्या कपड्यांनी पेट घेतला, तो विझवून हा माणूस परत आगीत गेला आणि त्याला बाहेर काढलं. त्यासाठी त्याला ब्रिटनचं जॉर्ज मेडल मिळालं. १९७४ मध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगला अपघातात पाय मोडला आणि फॉर्म्युला वन संपलं.

सगळ्यांना वाटलं, आता संपला. पण १९७८ मध्ये, ११ वर्षांनी, ३८ व्या वर्षी तो टीटीत परतला. हातात दोन सिलिंडरची डुकाटी, समोर आदल्या वर्षीचा विजेता फिल रीड, चार सिलिंडरच्या होंडावर. ताकदीत होंडा वरचढ. डुकाटी मात्र अरुंद, वळणात स्थिर. आणि तिचं डेस्मो तंत्र आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी मुद्दाम वाचावं असं... व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंग नाही, कॅमच! रीड माइकच्या आधी सुटला होता. माइकने ते अंतर भरून काढून त्याला रस्त्यातच गाठलं. शेवटी रीडची होंडा बंद पडली आणि माइक जिंकला. पुढच्या वर्षी डुकाटीने त्याच्या नावाची बाइक बाजारात आणली, आणि त्याने सुझुकीवर आणखी एक टीटी जिंकली, चौदावी.

आता शेवट, जो लिहिताना जड जातं. २१ मार्च १९८१ ला माइक आपल्या दोन मुलांना घेऊन कारने जेवण आणायला निघाला होता. एका ट्रकने समोर अचानक यू-टर्न घेतला. नऊ वर्षांची मुलगी जागीच गेली, माइक दोन दिवसांनी. मुलगा वाचला. टीटीच्या दगडी भिंतींमधून पन्नास-पन्नास वेळा सुखरूप आलेला माणूस घराजवळच्या साध्या रस्त्यावर, आणि तेही दुसऱ्याच्या चुकीने!

ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, आणि पुढचा काय करणार हे मागच्याला बरंचसं माहीत असतं. रस्त्यावर यातलं काहीच नसतं. तिथे माइक हेलवुडचंही कौशल्य पुरलं नाही, तर आपल्या बीएचपीचं काय घेऊन बसलात? ब्रेक, टायर, फ्रेम नीट ठेवा, हेल्मेट घाला, आणि जपून चालवा.