संत एकनाथ : पोरकेपण आणि आजोबांची माया

बीडजवळच्या पाली या गावी एचआयव्हीसह जगणाऱ्या अनाथ बालकांचे एक निवासी घर आहे. मातापित्यांचे छत्र हरपलेल्या मुलाची वाढ कशी होते, हा तेथील रोजचा प्रश्न गोदावरीपलीकडच्या पैठणचे संत एकनाथ यांचे चरित्र वाचतानाही समोर येतो.

एकनाथांचा जन्म इ. स. 1533 च्या सुमारास झाला. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी त्यांच्या शैशवातच वारले. मूळ नक्षत्रावर जन्मलेले मूल आईबापांच्या मुळावर येते, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणजे पोरकेपणावर दोषाचाही भार. पुढे नाथांनी एका अभंगात मूळ या शब्दावरच श्लेष साधून त्याला आध्यात्मिक अर्थ दिला.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बालकाला आईशी, किंवा तिच्या जागी कायम राहणाऱ्या व्यक्तीशी, जिव्हाळ्याचे अखंड नाते आवश्यक असल्याचे मांडले. ते न लाभल्यास मुलाचे बोलणे, शिकणे आणि माणसांवर विश्वास टाकणे यांनाही धक्का बसू शकतो. नाथांच्या बाबतीत ती जागा आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी घेतली. त्यांनीच नातवाची मुंज केली, त्याला विद्या दिली.

तरीही वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास नाथ कोणालाही न सांगता घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. चरित्रकार यामागे गुरूची ओढ पाहतात. त्या ओढीत पित्याचा शोधही असेल काय? चार शतकांपूर्वीच्या मनाचे निदान करण्याचे धाडस आपण करू नये. पण मागे राहिलेल्या वृद्धांची अवस्था मात्र सहज कल्पिता येते. परंपरा सांगते, की चक्रपाणींनी जनार्दनस्वामींचे आज्ञापत्र मिळवले आणि पुढे पैठणात नातू भेटताच ते त्याच्या हाती दिले. ते वाचून नाथ जेथे होते तेथेच थांबले. गिरिजाबाईंशी विवाह करून त्यांनी पैठणातच संसार मांडला.

गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेल्या आईचे मूल नाथांनी कडेवर घेतले, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. गावबाची कथा तुलनेने कमी सांगितली जाते. पुरणपोळीचा हट्टी, मंदबुद्धी समजला गेलेला हा मुलगा नाथांच्या घरी वाढला. नाथांखेरीज दुसरे दैवत त्याला ठाऊक नव्हते. 1599 मध्ये नाथांनी देह ठेवला, तेव्हा 'भावार्थ रामायण' युद्धकांडात अपुरे राहिले होते. ते पूर्ण केले गावबाने.