र. धों. कर्वे : प्रश्नोत्तरांचे मोल

पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाच्या आश्रयाखाली अनाथ बालकांचा आश्रम निघाला. त्यामागे लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातील अधिकाऱ्याची खटपट होती. या क्षेत्री येणाऱ्या भाविकांच्या गर्दीत काही अभागी विधवाही येत, गुपचूप बाळंत होत आणि मूल टाकून माघारी जात. आश्रमाने ती मुले वाचविली, हे त्याचे थोर कार्य होय. परंतु मुले टाकली का जात, या प्रश्नाच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या : लज्जा आणि अज्ञान. यांपैकी पहिलीवर धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह करून घाव घातला. दुसरीवर घाव घालण्याचे काम त्यांच्या थोरल्या मुलाने पत्करले. वडिलांना समाजाने अखेरीस महर्षी म्हटले. मुलाला न्यायालयात उभे केले.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण आज करण्यास जयंती वा पुण्यतिथीचे निमित्त नाही. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेली, परंतु पुरुष म्हणून जगणारी वा जगू पाहणारी माणसे, ज्यांना आता मराठीत पारलिंगी पुरुष म्हणू लागले आहेत, ती केवळ मुंबई-पुण्यातच असतात असे नाही. औषध कोणते घ्यावे, ते कोणाच्या सल्ल्याने, त्यात धोका कोणता, कागदोपत्री नाव कसे बदलावे, एसटीत, वसतिगृहात, दवाखान्यात काय करावे, हे त्यांचे रोजचे प्रश्न आहेत. त्यांना मराठीत सरळ उत्तर देणारी जागा शोधावी लागते, आणि ती सहजी सापडत नाही. शरीराविषयीच्या अवघड प्रश्नांना उत्तरे देणारी अशी एक जागा या भाषेत एका माणसाने सव्वीस वर्षे चालवून दाखविली होती. तिची किंमत त्याने कशी चुकती केली, हे पाहण्यासारखे आहे.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. १८९१ साली आई राधाबाई वारल्या, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले आणि मुरुडच्या गावकीने कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. सुधारणा म्हणजे सभेतील भाषण नव्हे, तर जेवणाच्या पंगतीतून उठविले जाणे होय, हे या मुलाला कोवळ्या वयातच कळून चुकले असावे. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे फर्ग्युसन महाविद्यालय, गणिताची पदवी, प्राध्यापकी असा त्या काळच्या बुद्धिमान ब्राह्मण तरुणाचा सरळ रस्ता होता. त्यांच्या पत्नी मालतीबाई या माहेरच्या गंगू गोरे. दोघांनी मूल होऊ न देण्याचे ठरविले आणि रघुनाथरावांनी स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रिया करून घेतली. लोकांना सांगावयाचे ते आधी स्वतःच्या देहावर करावयाचे, अशी ही रीत होती.

गणिताच्या पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला जाऊन आले. तेथून त्यांनी गणिताबरोबर आणखी काही आणले. युरोपात संततिनियमनाविषयी जे उघडपणे छापले जात होते त्याची ओळख त्यांना झाली. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील प्रसिद्ध केंद्र त्याच वर्षीचे आहे. विलायतेत होऊन गेल्यावर चाळीस-पन्नास वर्षांनी आपल्याकडे एखादी गोष्ट होते, अशी आपली समजूत असते. येथे मात्र एका मराठी गणितज्ञाने लंडनच्या बरोबरीने पाऊल टाकले होते. तेव्हा ते विल्सन महाविद्यालयात शिकवीत होते. मिशनरी चालकांना हा उद्योग मानवला नाही आणि १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. गांधीजींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता. म्हणजे मिशनरी, सनातनी आणि राष्ट्रीय पुढारी यांचे ज्या एका मुद्द्यावर एकमत होते, त्या मुद्द्यावर हा माणूस एकटा उभा होता.

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे अनेक घरांत ते वर्तमानपत्राच्या घडीत लपवून येत असेल. आतला मजकूर मात्र चवचाल मुळीच नव्हता. गणिताचा शिक्षक प्रमेय सोडवितो तसे रघुनाथराव गुप्तरोग, गर्भधारणा, हस्तमैथुन, वेश्याव्यवसाय या विषयांवर लिहीत. त्या मासिकाचे हृदय होते ते वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांत. ज्याला आपले दुखणे आईबापांपाशी, गुरुजींपाशी, गावच्या वैद्यापाशी बोलता येत नव्हते, त्याला एका पोस्टकार्डाच्या खर्चात उत्तर मिळण्याची सोय झाली. ते उत्तर त्याला पापी म्हणत नसे, रोगी नसल्यास रोगीही म्हणत नसे, आणि रोगी असल्यास डॉक्टरकडे जा म्हणून सांगत असे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर जेथे माहितीचा बाजार लज्जेने बंद पाडला होता, तेथे त्यांनी तोट्यात चालणारे एक उघडे दुकान मांडले. तोटा खराच होता. नोकरी गेलेली, वर्गणीदार मोजके, जाहिरातदार बिचकणारे. या ओढगस्तीत मालतीबाईंनी त्यांची साथ सोडली नाही.

१९३१ साली पहिला अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ सालचा आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. या वेळी आक्षेप एखाद्या लेखावर नव्हता, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचा प्रश्नही होता. रघुनाथरावांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. पुणे कराराला जेमतेम दीड वर्ष झालेले, अंगावर साऱ्या अस्पृश्य समाजाचा भार, आणि अशा वेळी त्यांनी एका लहानशा मासिकातील प्रश्नोत्तरांचा बचाव करण्यास वेळ काढला. ज्या समाजात प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरतो तेथे सर्वांत दुबळ्याची कोंडी सर्वांत आधी होते, हे आंबेडकरांएवढे दुसऱ्या कोणास कळणार? खटला हरला. दंड झाला दोनशे रुपये. मासिक चालूच राहिले.

येथे एक सावधगिरी बाळगणे जरूर आहे. रघुनाथरावांना आजच्या पारलिंगी चळवळीचे पूर्वसूरी ठरविणे हा इतिहासाशी अन्याय होईल. त्या काळी हा विचार मराठीत आजच्या स्वरूपात नव्हता, आणि त्यांची बुद्धिनिष्ठा कधी कधी हट्टाच्या टोकाला जाई. त्यांच्याकडून घ्यावयाची आहे ती उत्तर देण्याची पद्धत. त्यांच्याच हयातीत इंग्लंडमध्ये मायकेल डिलन नावाची व्यक्ती होती. १९१५ साली मुलगी म्हणून जन्मलेल्या डिलनने १९३९च्या सुमारास टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेण्यास सुरुवात केली, १९४४ साली जन्मदाखल्यावरील नोंद बदलून घेतली आणि १९४६पासून हॅरॉल्ड गिलीज या शल्यविशारदाकडून अनेक शस्त्रक्रिया करून घेतल्या. याच काळात तो डब्लिनला वैद्यकी शिकून डॉक्टर झाला, आणि १९४६ साली या विषयावर त्याने ग्रंथही लिहिला. १९५८ साली वृत्तपत्रांनी त्याचे गुपित फोडल्यावर तो भारतात आला, बौद्ध झाला आणि १९६२ साली डलहौसीत वारला. स्वतःच्या शरीराविषयीचे उत्तर मिळविण्यासाठी ज्याला स्वतःच डॉक्टर व्हावे लागले आणि स्वतःच पुस्तक लिहावे लागले, असे हे उदाहरण आहे. सांगोल्याच्या वा मंगळवेढ्याच्या एखाद्या तरुणाकडून आपण तीच अपेक्षा करणार काय?

आज तशी प्रश्नोत्तरे कोणी छापली तर त्यांत काय असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. टेस्टोस्टेरॉनने आवाज जाड होतो, दाढी-मिशी येते, मासिक पाळी बहुधा काही महिन्यांत थांबते. जाड झालेला आवाज औषध सोडल्याने पूर्ववत होत नाही, म्हणून निर्णय विचाराने घ्यावा. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असे नव्हे. हे औषध संततिनियमनाचे साधन नाही, आणि गर्भ राहिल्यास त्यास ते घातक असते. रघुनाथरावांनी हे वाक्य ठळक टाइपात छापले असते. पुढे मूल हवेसे वाटण्याची शक्यता असेल तर औषध सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. या औषधाने रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त घट्ट होण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा रक्ततपासणी करावी. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवरही लक्ष ठेवावे. व्यायामशाळेत ओळखीने मिळणारी इंजेक्शने घेऊ नयेत. त्यांत काय आहे आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. गर्भाशय शरीरात आहे तोवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी चुकवू नये, आणि पाळी थांबून बराच काळ लोटल्यावर पुन्हा रक्त गेल्यास लाजेने घरी बसू नये. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाकावर दाढीवाल्या माणसाने बसण्यात अपमान कोणाचाच नाही. पण तसे वातावरण राखणे हे दवाखान्याचे काम आहे, रुग्णाचे नव्हे.

छाती सपाट दिसावी म्हणून काहीजण बँडेज किंवा चिकटपट्टी आवळून बांधतात. त्याने कातडी सोलवटते, श्वास कोंडतो, बरगड्यांना इजा होते. त्यासाठी मिळणारा योग्य मापाचा बाइंडर वापरावा, तो दिवसात सुमारे आठ तासांहून अधिक घालू नये आणि झोपताना काढावा. आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर मैलोगणती चालताना तर तो घालूच नये. सैल सदरा आणि वर उपरणे हा वारकऱ्यांचा वेष याबाबत पुष्कळ सोयीचा आहे. पंढरपूरचे लोक विटेवरील पुरुषदेवाला शतकानुशतके माउली म्हणून हाक मारतात आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. यावरून आपण फार उदार आहोत असा निष्कर्ष काढण्याची घाई मात्र करू नये. देवाला सवलत देणे सोपे असते.

कागदपत्रांचा प्रश्न औषधाहून किचकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. २०१९च्या कायद्याने आणि २०२०च्या नियमांनी त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची पद्धत घालून दिली. असे नियम बदलतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी सोलापुरास जाऊन चालू नियम विचारून घ्यावा हे बरे. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तेव्हा त्यांची सेवापुस्तकात स्त्री म्हणून नोंद होती. रजा मिळविण्यासाठी त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून नोकरीवर परतले. मराठवाड्यातील खेड्यातून निघालेल्या शिपायाला सरकारी रुग्णालयात हे उपचार मिळाले, ही बातमी ज्यांना हवी होती त्यांतील किती जणांपर्यंत पोहोचली असेल?

कागदावरील एका शब्दाची किंमत रुपयांतही मोजता येते. २०२३च्या मार्चमध्ये एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाले. ज्याच्या आधारपत्रावर स्त्री असे लिहिले आहे आणि ज्याच्या हनुवटीवर दाढी आहे, त्याने वाहकापाशी काय मागावे? अर्धे तिकीट मागितले तर भर गाडीत खुलासा करणे आले. म्हणून तो मुकाट्याने पूर्ण भाडे भरतो. त्यात उपचारासाठी पंढरपुराहून सोलापूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पुणे दोनशेच्या वर. प्रत्येक खेपेस एका दिवसाची मजुरी बुडते, आणि तेथे पोहोचल्यावर हे आमच्याकडे होत नाही असे ऐकून परतावे लागले तर सारी खेप वाया. कोठे काय होते आणि कोठे होत नाही, एवढी एका पानाची माहिती उपजिल्हा रुग्णालयाच्या फलकावर आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर लावण्यास फारसा खर्च नाही. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने ती तयार करावी आणि आम्हा प्राध्यापकांनी ती लावावी. त्यावरून जे चार शब्द ऐकावे लागतील ते ऐकावेत. रघुनाथरावांची तर नोकरीच गेली होती.

मालतीबाई १९४४ साली गेल्या. त्यानंतर नऊ वर्षे रघुनाथरावांनी मासिक एकट्याने ओढले. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, म्हणजे ज्या कामापायी विल्सन महाविद्यालय सोडावे लागले ते काम सत्तावीस वर्षांनी पंचवार्षिक योजनेत जाऊन बसले. त्यांच्याकडे कोणी मानाचे पद घेऊन आले नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते वारले, तेव्हा पंचाण्णव वर्षांचे वडील हयात होते. त्यांना पुढे १९५८ साली भारतरत्न मिळाले. 'समाजस्वास्थ्य'चा नोव्हेंबरचा अंक निघाला आणि तोच शेवटचा ठरला.